आधी भाडेकरार, मग दिवे आणि फरशा

आजचा सगळा दिवस जुन्या शहरातल्या सांस्कृतिक वस्तीच्या, म्हणजे कलाकार आणि कलासंस्थांसाठीच्या भागाच्या, आराखड्यावर गेला. चर्चा रोषणाई आणि फरशांपासून सुरू झाली, आणि तिथेच गाडं चुकतं.

डब्लिनचा टेंपल बार आठवा, म्हणजे आयर्लंडच्या राजधानीतली ती जुनी वस्ती. तिथे बस स्थानक होणार म्हणून इमारती विकत घेतल्या गेल्या आणि तोवर थोड्या मुदतीच्या, स्वस्त भाडेकरारांवर दिल्या गेल्या. चित्रकार, वादक आले ते त्या भाड्यामुळे. १९९१ मध्ये सरकारने पुनर्विकास हाती घेतला, चांगल्या कलासंस्था उभ्या राहिल्या. पण पुढे तो भाग ओळखला जाऊ लागला दारूच्या गुत्त्यांसाठी. म्हणून पहिला नकाशा घरोघरचा हवा: मालक कोण, करार किती वर्षांचा, वरचे मजले रिकामे का. काही इमारती सार्वजनिक मालकीत ठेवून कलाकारांना लांब मुदतीने द्यायच्या. हे आधी, कारण सुशोभीकरणानंतर भाडी चढतात आणि मग हातात काही उरत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या हिशेबाने धरतात, मोकळ्या सभागृहाची ५००. वाड्याच्या माडीवर थेट नृत्यवर्ग नको, आधी तुळया तपासा. बाहेर पडायला दुसरा जिना लागतोच.

आणि चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा कृपा करून नको! ओल आत कोंडते, विटा भुगा होऊन झडतात.

रंगमंचाचं सामान उतरवायला ट्रक कुठे थांबणार, हे मात्र अजून नकाशावर नाही.