१ मेपासून उलटं मोजा: जिल्हा परिषद शाळेचं सत्र मिटवताना

निकाल १ मेला असतो. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की प्रगतिपत्रकं वाटायची, हे गावाला पाठ आहे. म्हणून एप्रिलचं नियोजन पुढं सरकत करायचं नाही, १ मेपासून मागं मोजत यायचं. असं मोजलं की लक्षात येतं, हातात महिना नसतोच. शाळा सकाळची, त्यात साडेदहानंतर पत्र्याच्या खोलीत लेकरू बसत नाही आणि बसलं तरी त्याचं डोकं चालत नाही. पारा चाळिशी ओलांडतो, लग्नसराई सुरू होते, कुणी मामाच्या गावाला निघून जातं. दोन शिक्षकी शाळेत तर एक जण कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला गेलेला असतो. २०२५ मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक आलं आणि परीक्षा २५ एप्रिलपर्यंत गेल्या. तपासायला, बेरजा करायला आणि नोंदी लिहायला उरले पाचच दिवस. असं पुन्हा झालं तर गडबड होऊ नये म्हणून आकारिक मूल्यमापनाचं, म्हणजे वर्गात वर्षभर चालणाऱ्या तपासणीचं, सगळं काम मार्चअखेर संपलेलं हवं. एप्रिलमध्ये फक्त संकलितचे, म्हणजे सत्रअखेरच्या परीक्षेचे, गुण चढवायचे.

गुणांचं प्रमाण इयत्तेनुसार बदलतं आणि चुका इथंच होतात. पहिली-दुसरीला आकारिक ७०, संकलित ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं. सातवी-आठवीला ४० आणि ६०. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना संकलित नसतंच, सगळे शंभर गुण आकारिकचे. एका वर्गाचा तक्ता संगणकावर केला आणि तोच सगळ्या वर्गांना चिकटवला, की दुसरीच्या पोराला चाळीसपैकी गुण पडलेले दिसतात. प्रत्येक वर्गाचा तक्ता उघडून पहिल्या दोन मुलांची बेरीज हातानं करून बघा, पाच मिनिटं लागतात.

दुसरी चूक याहून वाईट. समजा तिसरीतल्या मुलीला मराठीत आकारिकला ६० पैकी ४७ आणि संकलितला ४० पैकी २९ पडले. एकूण ७६, श्रेणी ब-१. तीच मुलगी परीक्षेच्या दिवशी गावात नव्हती आणि संकलितचा रकाना रिकामा राहिला, तर संगणक त्याला शून्य समजतो. एकूण ४७, श्रेणी क-२. कुणी खोटं लिहिलेलं नाही, पण प्रगतिपत्रक खोटं झालं. रिकाम्या रकान्यांची यादी काढून ती मुलं परत आली की त्यांचं तोंडी आणि लेखी काम वेगळं घ्यायचं, मगच श्रेणी छापायची. पाचवीचं गणित आणखी वेगळं आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. पाचवीचा पेपर ५० गुणांचा, म्हणजे साडेसतरा, म्हणजे व्यवहारात अठरा. कमी पडलेल्यांची पुनर्परीक्षा जूनमध्ये असते. ही गोष्ट पालकाला १ मेला तोंडी सांगून भागत नाही. कुठला विषय, कुठला भाग आणि सुट्टीत काय करून घ्यायचं, हे अर्ध्या पानावर लिहून हातात द्या.

हे रिकामे रकाने आपल्याकडं मराठवाड्यात बहुतेक ऊसतोड कामगारांच्या लेकरांचे असतात. बीडकडची, धाराशिवकडची, जालना-परभणीतल्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. मूल गावातल्या हंगामी वसतिगृहात राहिलं असेल तर प्रश्न नाही. आईबापाबरोबर गेलं असेल, तर जाताना दिलेलं शिक्षण हमी कार्ड परत मागून बघा. कारखान्याजवळच्या शाळेत ते किती दिवस बसलं आणि तिथं काय काय घेतलं, त्याची नोंद कार्डावर असली तर तीच आकारिकचा आधार धरता येते. कार्ड हरवलेलं असेल तर त्या शाळेतल्या गुरुजींना एक फोन करावा. कार्डाची वाट बघत बसण्यापेक्षा ते बरं. नाव मात्र पटावरून काढू नका. ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारून मोकळं होणं सोपं आहे, पण तो शेरा त्या लेकराच्या मागं पुढच्या शाळेपर्यंत जातो.

वर्णनात्मक नोंदींबद्दल एकच म्हणणं आहे: वर्षभराच्या नोंदी २८ एप्रिलला एका बैठकीत लिहू नयेत. तशा लिहिल्या की चाळीस मुलांना ‘वाचन करतो’, ‘गणितात रस घेतो’, ‘सुधारणा आवश्यक’ हीच तीन वाक्यं मिळतात. पुढच्या वर्षीच्या बाईंना त्यातून काही कळत नाही. ‘जोडाक्षर आलं की थांबतो, विशेषतः रफार, साधा परिच्छेद न अडखळता वाचतो’ अशी नोंद असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात कुठून सुरुवात करायची ते ठरतं. गणिताला ‘वजाबाकी येत नाही’ लिहू नका. हातच्याची येत नाही की वरच्या संख्येत शून्य आलं की चुकते, ते लिहा. तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, त्यांची पुस्तकी मराठी अडखळते. तिथं ‘भाषा कच्ची’ अशी नोंद करणं अन्याय आहे. चित्रावर ती लेकरं भरभरून बोलतात, लिहायला बसली की अडतात, आणि नोंदीत हे असंच यायला हवं.

कागद इतके झाले, आता मुलांचं. सत्रअखेरचा सगळ्यात कामाचा कार्यक्रम म्हणजे आनंदनगरी. मुलांनी मांडलेला खाऊचा बाजार. बऱ्याच शाळा तो जानेवारीत स्नेहसंमेलनाबरोबर उरकतात. एप्रिलमध्ये घेण्यात फायदा असा की तोवर नफा-तोटा, मापन आणि नाणी-नोटा हा भाग शिकवून झालेला असतो, आणि ही त्याची खरी चाचणी ठरते. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. त्यापुढं नको, उन्हानं भेळ मऊ पडते आणि लेकरं वैतागतात.

तळण नको आणि गॅस नको, हा नियम आधी पालकांना कळवा. नाहीतर हौशी आई शेगडी, कढई आणि पाच लिटर तेल घेऊन हजर होते आणि स्टॉल तीच चालवते. पोरगं बाजूला उभं. घरून करून आणायचं ते धपाटे, मुरमुऱ्यांचा सुशीला, उकडलेल्या शेंगा, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. शाळेत करायचं ते भेळ, काकडी, टरबुजाच्या फोडी, लिंबू सरबत. टरबूज मोठ्या माणसानं कापायचं आणि जाळीखाली झाकायचं. बर्फाची लादी आणू नका, ती कुठल्या पाण्याची आहे ते कुणालाच माहीत नसतं. पाणी टँकरचं असेल तर आदल्या दिवशी आशाताईंना सांगून क्लोरीनचं औषध मागवा, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि माठात भरून ठेवा. ग्लास घरून स्टीलचे आणायचे आणि धुवायला दोन बादल्या वेगळ्या ठेवायच्या. कागदी कपांचा ढीग दुसऱ्या दिवशी गावभर उडतो.

सरबताच्या एका स्टॉलचा हिशोब बघा. तीस ग्लास, प्रत्येकी २०० मिली, म्हणजे सहा लिटर. अर्धं लिंबू एका ग्लासला धरलं तर पंधरा लिंबं. उन्हाळ्यात पाच रुपयाला एक, म्हणजे ७५ रुपये. साखर एक किलो ४५ रुपये. मीठ-जिरेपूड दहा. खर्च १३०. पाच रुपये ग्लासप्रमाणं तीस ग्लासांचे १५० येतात, नफा २० रुपये. आता प्रत्यक्षात चार ग्लास दोस्तांना फुकट जातात. सव्वीस ग्लासांचे १३० येतात आणि पोरगा डबा उलटा करून मोजत बसतो, नफा गेला कुठं? तेवढ्यात साखर संपलेली नाही, ३०० ग्रॅम उरली आहे, हे त्याच्या लक्षात आणून द्या. साडेतेरा रुपयांची साखर हातात आहे, मग ती खर्चात धरायची का? चौथीतली मुलं यावर अर्धा तास भांडतात. पुस्तकातल्या दहा उदाहरणांनी जे होत नाही ते इथं होतं. म्हणून हिशोबाचा कागद बाजार उठल्यावर त्याच दिवशी, पोट भरलेलं असताना लिहून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी आकडे आठवत नाहीत आणि मुलं घरून वडिलांनी लिहिलेला हिशोब आणतात.

आनंदनगरी बिघडते ती बहुतेक सुट्ट्या पैशांवरून. पालक शंभराची नोट देतात, गल्ल्यात दहा रुपयेही नसतात, रांग थांबते. उपाय सोपा: दाराजवळ एक टेबल, तिथं चौथीची दोन पोरं ‘बँक’ चालवतील. आधीच पाचशे रुपयांची एक, दोन आणि पाचची नाणी किराणा दुकानातून आणून ठेवायची. खरेदी करणाऱ्या मुलाकडं वीस रुपयांपेक्षा जास्त नकोत, म्हणजे ज्याच्या घरून पैसे आले नाहीत ते लेकरू उघडं पडत नाही. अशा मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीकडून वीस-वीस रुपयांची कुपनं गुपचूप द्यावीत. फोनवर पैसे घ्यायचा आग्रह हल्ली होतो. तो नाकारावा, मोजणंच शिकायचं असेल तर फोन कशाला?

पहिलीत येणाऱ्यांसाठी शाळा पूर्वतयारी मेळावा एप्रिलमध्येच होतो, दुसरा जूनमध्ये. सात टेबलं असतात: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. फुगे, रांगोळी, ढोल याच्यावर जीव टाकला जातो आणि विकासपत्रक कोरं राहतं. खरं काम त्या कागदाचं आहे. मूल कात्री धरतं का, पाच खडे मोजून देतं का, चित्र बघून दोन वाक्यं बोलतं का, हे तिथल्या तिथं भरून आईच्या हातात गेलं पाहिजे, म्हणजे सुट्टीत काय करून घ्यायचं ते तिला कळतं. प्रवेशाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. आधार कार्ड नाही म्हणून कुणाला माघारी पाठवू नका, पण जन्म दाखल्यावरचं स्पेलिंग आणि आधारवरचं स्पेलिंग जुळतं का ते आत्ताच बघून ठेवा. जूनमध्ये आधार केंद्रावर रांगा लागतात.

चौथी किंवा सातवी संपवून जाणाऱ्यांचे दाखले. जनरल रजिस्टरमध्ये (शाळेच्या प्रवेशनोंदीच्या वहीत) जसं आहे तसंच उतरवायचं, आपल्या मनानं काही सुधारायचं नाही. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. मराठवाड्यात सध्या एक खास घोळ होतो. २०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली, पण रजिस्टरमध्ये जन्मस्थळ ‘जि. उस्मानाबाद’ किंवा ‘जि. औरंगाबाद’ असं लिहिलेलं असतं. त्यावर खाडाखोड करून नवं नाव लिहू नका. जुनी नोंद जुनीच राहते, शाळेचा आजचा पत्ता तेवढा नव्या नावानं येतो. दाखला हातात दिल्यावर मुलाच्या नावाची ऑनलाइन बदलीही त्याच आठवड्यात मार्गी लावा. नवीन शाळेची विनंती महिनोन् महिने पडून राहिली की मूल दोन्हीकडच्या पटावर लोंबकळतं. जाता जाता, जुनी रजिस्टरं लोखंडी कपाटात ठेवा. आजोबांची, पणजोबांची नोंद काढायला लोक सुट्टीतही येतात, आणि निजामाच्या काळातली पानं उधईनं खाल्ली तर ती पुन्हा कुठून आणणार?

पोषण आहाराचा साठा शेवटच्या दिवशी वजन करूनच मिटवायचा. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. प्राथमिकचे ४८ हजर असतील तर ४ किलो ८०० ग्रॅम. रोज सरळ ‘५ किलो’ लिहिलं तर वीस दिवसांत चार किलोंची तफावत पडते, आणि जूनमध्ये ती मुख्याध्यापकाच्या डोक्यावर येते. एप्रिलमध्ये हजेरी रोडावते, पण नोंद मार्चच्याच आकड्यावर चालू राहते, तिथं ही तफावत सगळ्यात जास्त. उरलेली पोती भिंतीपासून हातभर लांब, फळीवर. कडुनिंबाचा पाला घाला, पण कीटकनाशक पावडर अन्नाच्या खोलीत नको.

कुलूप लावण्याआधी दूरचित्रवाणी संच आणि संगणक यांच्या पिना काढा, नुसतं बटण बंद करून उपयोग नाही. मे महिन्यात अवकाळीबरोबर वीज कडाडते. पत्र्यांचे हूक आवळून घ्या, सुटलेला एक पत्रा वाऱ्यात बाकीचे घेऊन जातो. टाकी रिकामी करून झाकण घट्ट बसवा. आवारातल्या झाडांसाठी गावात राहणाऱ्या मुलांच्या जोड्या ठरवा, एका जोडीला तीन झाडं आणि आठवड्यातून दोनदा एक बादली. घरच्या भांडी-धुण्याचं पाणी चालतं, साबणाचं नको.

वाचनपेटीतली पुस्तकं मात्र कपाटात बंद करू नका, वाटून टाका. प्रत्येकाला दोन, वहीत मुलाची सही आणि पालकाचा फोन. पानं सुटलेली आधी डिंकानं चिकटवून घ्या. जूनमध्ये दहातलं एखादं परत येत नाही, त्याचा दंड लावू नका, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात कुणी पुस्तक नेणार नाही. नोंद ‘हरवले’ अशी करून समितीच्या बैठकीत मंजूर करून घेतली की भागतं.