‘बाद’ हा शब्द बंद: नाताळच्या खेळांची यंदाची नोंदवही

१२ ऑक्टोबर

गेल्या नाताळात मी संगीत खुर्ची घेतली आणि मैत्रिणीचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, पंधरा मिनिटांत थंड केलं. माणसं गेली नव्हती, सगळी मांडवाच्या कडेला मोबाइल काढून उभी होती. मध्ये दहा-बाराजण खुर्च्यांभोवती फिरत होते आणि बाकीचे सत्तर त्यांचं कधी संपतंय याची वाट बघत होते. तेव्हा हिशेब केला नव्हता, तो आज वहीत केला. माणसं ८०, दर फेरीला एक बाद, म्हणजे ७९ फेऱ्या. गाणं, थांबणं, ‘मी आधी बसलो’चं भांडण, खुर्ची उचलणं, सगळं ४० सेकंदांत उरकलं असं धरलं तरी ५२ मिनिटं होतात. पहिल्या फेरीत गेलेल्याने ती सगळी उभ्याने काढायची. आणि पहिल्या फेरीत जातं कोण? ज्याचा गुडघा दुखतो तो.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मी वेंगुर्ल्याजवळच्या वाडीत राहते. गणपतीत, शिमग्याला, हळदीकुंकवाला खेळ घ्यायची मला खोड आहे. नाताळ आमच्या घरचा सण नव्हे, पण पलीकडच्या वाडीतल्या मैत्रिणीच्या सासरी २५ तारखेला सगळा गोतावळा जमतो. मुंबईचे चाकरमानी, गोव्याकडचे पाहुणे, आम्ही शेजारी. वयं चारपासून ऐंशीच्या पुढे. खेळांचं खातं गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे.

यंदाच्या अटी तीन. कोणी बाद होणार नाही. नियम अर्ध्या मिनिटात सांगून संपला पाहिजे. आमची माणसं दशावतारी नाटकाला पहाटेपर्यंत डोळे न मिटता बसतात, पण नियम सांगायला लागलं की एका मिनिटात पान लावायला उठतात. आणि स्पीकर बंद पडला तरी खेळ चालला पाहिजे, कारण तो पडतोच.

५ नोव्हेंबर

तुळशीच्या लग्नाला आमच्या खळ्यात पस्तीसेक माणसं होती. चुरमुरे वाटून झाल्यावर तळ्यात-मळ्यातची चाचणी घेतली. हा खेळ मोठ्या जमावाला सोन्यासारखा आहे: सामान म्हणजे एक दोरी, आणि नियम प्रत्येकाला लहानपणापासून पाठ. खोट एकच, चुकला की बाद.

म्हणून दोन दोऱ्या टाकल्या, वीस पावलांच्या अंतराने. एका दोरीवर मी हाक देते, दुसरीवर माझा भाचा. माझ्याकडे चुकलात की धावत भाच्याच्या दोरीवर जायचं, तिकडे चुकलात की परत माझ्याकडे. दहा मिनिटं अखंड चाललं, एक माणूस रिकामा उभा नव्हता. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. घंटा वाजवली, तर एक सात वर्षांचा कमरेवर हात ठेवून समोर उभा: “मगे जिंकलो कोण?”

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या खेपेला प्रत्येकाच्या मुठीत पाच चिंचोके दिले. दोरी बदलताना एक चिंचोका टोपलीत टाकायचा. मूठ रिकामी झाली तरी खेळ चालूच, शेवटी ज्याच्याकडे जास्त उरले तो जिंकला. यात एक गंमत लक्षात आली. मुठी बंद असल्यामुळे कोण हरतंय ते दिसत नाही, म्हणून मोठी माणसंही लाजत नाहीत. पोरांनी अंगणातले जास्तीचे चिंचोके खिशात घातले होते ही गोष्ट वेगळी. २५ तारखेला चिंचोक्यांना लाल रंग लावणार.

१६ नोव्हेंबर

सावंतवाडीला जाऊन आले. चितारआळीत बक्षिसांसाठी लाकडी भोवरे घेतले, दोन डझन. मग राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या खेळाचे पत्ते, बघत उभी राहिले. आधी दहादा बघितली असेल, पण आज खेळ घेणाऱ्याच्या नजरेने बघितली. दशावतारी गंजिफेत रंग दहा, प्रत्येक रंगात पत्ते बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० गोल पत्ते. राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी ही कला मोडू दिली नाही, म्हणून आज ती डोळ्यांनी बघायला मिळते.

मी बघत होते ते निराळंच. मला शंभराच्या आत-बाहेर माणसांचे दहा सारखे गट पाडायचे असतात, आणि हे यंत्र तर तयारच आहे. गट पाडणं हे आमच्याकडचं जुनं दुखणं. “आपापले गट करा” म्हटलं की मुंबईकर मुंबईकरांत, सुना सुनांत. एक-दोन-तीन-चार मोजायला लावलं तर पोरं आपली जागा बदलून हवा तो आकडा घेतात.

तोडगा असा. पत्ते पिसायचे नाहीत. वर दहा रंगांचे दहा राजे, त्याखाली रंगांच्या त्याच क्रमाने दहा प्रधान, मग दहा दश्श्या, असा गठ्ठा लावायचा आणि फाटकात येईल त्याला वरचा पत्ता द्यायचा. माणसं किती येणार हे आधी माहीत नसलं तरी चालतं. कोणत्याही क्षणी थांबलात तरी दोन गटांत एकाच माणसाचा फरक पडतो. खरा फायदा पुढे आहे. कुटुंब एकत्र येतं, ओळीने पत्ते घेतं, म्हणजे नवरा-बायको-पोरं आपोआप वेगवेगळ्या गटांत. दहा माणसांपर्यंतचं घर कुणाला न दुखावता फुटतं.

३० नोव्हेंबर

पत्ते तयार. खरी गंजिफा फाटकात वाटायची वस्तू नव्हे, म्हणून जुन्या लग्नपत्रिका घेतल्या, बांगडी ठेवून वर्तुळं आखली, दोन-दोन चिकटवून जाड केली. अवतारांऐवजी दहा रंग मासळीचे ठेवले: बांगडा, पेडवा (तारली), सुरमई, सरंगा (पापलेट), मोरी (शार्क), बोंबील, रावस, कुर्ली (खेकडा), सुंगट (कोळंबी), तिसरी (शिंपली). (कुर्ली, सुंगट नि तिसरी मासे नव्हेत हे मला ठाऊक आहे. बाजारात त्याच टोपल्यांच्या रांगेत बसतात, पुरे.) माझ्या चित्रकलेबद्दल बोलू नये. मोरीला राजमुकुट घातल्यावर ती रागावलेल्या बदकासारखी दिसते.

पहिला खेळ यातूनच: तोंडाने न बोलता, नुसत्या खाणाखुणांनी आपल्या जातीची मासळी शोधायची.

७ डिसेंबर

दगड-कागद-कात्री शाळेच्या पटांगणावर चाळीस पोरांवर करून बघितलं. जोड्या लावायच्या. हरलेला बाद होत नाही, जिंकलेल्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभा राहतो आणि त्याच्या नावाने ओरडतो. मग दोन आगगाड्यांची इंजिनं एकमेकांना भिडतात, हरलेली अख्खी गाडी जिंकलेल्याच्या शेपटीला. शेवटी दोनच गाड्या उरतात आणि सगळा जमाव कुणा ना कुणाच्या बाजूने घसा फोडत असतो.

वेळ बघा: ८० माणसं असतील तर ४०, २०, १०, ५, ३, २, १. सात फेऱ्यांत निकाल. त्याच ८० जणांना संगीत खुर्चीत ७९ लागत होत्या. पोरांनी सहा फेऱ्या चार मिनिटांत संपवल्या. मोठ्यांना सात मिनिटं धरते, कारण ते हसत बसतात.

१४ डिसेंबर

हाऊजी, म्हणजे पुकारलेला आकडा आपल्या तिकिटावर खोडायचा तो खेळ. नाक मुरडू नका, मीही मुरडत असे. पण या वर्षीच्या अटी लावून बघितल्या तर हाच एक जुना खेळ पहिल्या फटक्यात पास होतो: शेवटच्या आकड्यापर्यंत कोणी बाद नाही, आणि ऐंशीची आजी नि आठाचा नातू अगदी बरोबरीचे.

कंटाळा येतो तो तिकिटावर बराच वेळ काही येत नाही तेव्हा. त्याला उपाय तिकिटाच्या रचनेतच दडलाय. एका तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने, ओळीत पाच असे १५ आकडे. सहा तिकिटांचे ९० होतात, आणि सहा तिकिटांचा पूर्ण ताव नीट छापलेला असेल तर त्या सहांत १ ते ९० प्रत्येक आकडा एकदाच येतो. म्हणजे सहाजणांच्या टोळक्याला एक ताव दिला की दर आकड्याला त्यांच्यातल्या एकाची पेन्सिल चालणारच. टोळकं कान टवकारून बसतं.

दुकानातल्या पुस्तकांतली तिकिटं मी तपासली, ती सुटी निघाली, सहांत आकडे दोनदा येत होते. मुलीने संगणकावर ताव करून दिले. तुम्ही करणार असाल तर रकाने मोजून घ्या: सहा तिकिटं मिळून पहिल्या रकान्यात ९ आकडे, शेवटच्यात ८० ते ९० असे ११, मधल्यांत दहा-दहा. सोळा ताव काढलेत, ९६ माणसांचे.

२६ डिसेंबर

पाय सुजलेत, आवाज बसलाय. लिहून काढते, नाहीतर विसरेन.

फाटकात ९४ पत्ते वाटले गेले. चार गट दहांचे, सहा नऊचे. एवढं गणित माझ्या हातून सहा वर्षांत बिनचूक झालं नव्हतं.

त्यानंतर लगेच आपटले. खाणाखुणांचा खेळ सुरू झाला. कुर्लीवाले आडवे चालत दोन मिनिटांत जमले. तिसऱ्यांनी तळव्यांची उघडझाप केली, मोरीने डोक्यावर हाताचा पर धरला, सुंगटांनी बोटांच्या मिश्या काढल्या, बोंबिलांनी अंग ढिलं सोडलं. पाच गट झकास. पण बांगडा, पेडवा, सुरमई, सरंगा आणि रावस यांनी करायचं काय? सगळे हात जोडून वळवळत होते. अर्धा मांडव एकच थवा होऊन गोल फिरायला लागला. मैत्रिणीच्या सासूबाई पत्ता डोळ्यांजवळ धरून मला विचारतात, “ह्यो बांगडो की पेडवो? आणि माका खंय उभी करतलंस गो?” चित्र माझंच, त्यांचा काय दोष!

वाचवलं बंदरावर मासळीचा लिलाव करणाऱ्या एका काकांनी. ते खुर्चीवर चढले आणि खरोखरचा लिलाव पुकारायला लागले, “सुरमई, सुरमई, बोला!” सुरमईवाले हात वर करून धावले. माझा न बोलण्याचा नियम तिथेच बुडाला, पण पाच मिनिटांत दहाही गट उभे. शिवाय माणसांना मुक्याने वळवळण्यापेक्षा ओरडायला जास्त आवडतं हे कळलं. पुढच्या वर्षी सरळ लिलावच: दहा राजांनी दहा कोपऱ्यांतून एकाच वेळी आपापली मासळी पुकारायची.

तळ्यात-मळ्यात अपेक्षेपेक्षा बरं गेलं. लाल चिंचोक्यांमुळे लबाडी थांबली. रंग मात्र कच्चा निघाला, सगळ्यांचे तळहात लाल, आणि ते नाताळचे पांढरे फ्रॉक. पुढच्या वेळी नेलपॉलिश.

दगड-कागद-कात्रीच्या पाचव्या फेरीला लाइट गेली. मी कपाळाला हात लावला. पण लोकांनी मोबाइलचे दिवे लावले आणि तीन लांबलचक गाड्या अंधारात एकमेकींना शोधत फिरल्या. आठ मिनिटांत निकाल. शेवटच्या गाडीचं इंजिन दुसरीत शिकणारी मुलगी होती, तिच्या मागे ९३ माणसं, त्यात तिच्या शाळेच्या बाईसुद्धा.

जेवणं झाल्यावर हाऊजी. पहिलं फुल हाऊस (तिकिटावरचे सगळे आकडे) ६८व्या आकड्याला लागलं, सगळं मिळून चौदा मिनिटं. टोळक्यांना ताव देण्याची युक्ती चालली, पण उलटही झालं: ज्याला आकडा आला त्याला शेजारचेच सांगायला लागले आणि डुलकी घेणाऱ्या एका आजोबांची जल्दी पाच (तिकिटावरचे पाच आकडे सगळ्यांत आधी) त्यांच्यासाठी नातसुनेनेच जिंकली. बक्षिसाचा भोवरा आजोबांनी आज सकाळपर्यंत कुणाला दिलेला नाही.

भेटींची अदलाबदल फसली. पन्नास रुपयांची वस्तू, सगळे एका गोलात, मी गोष्ट सांगते, ‘डावीकडे’ आलं की पुडकं डावीकडे, ‘उजवीकडे’ आलं की उजवीकडे. वीस माणसांना छान असेल. ९४ जणांच्या गोलात पलीकडच्यांना गोष्ट ऐकूच येत नव्हती, स्पीकर दहाला बंद केलेला. तिसऱ्या वाक्याला कुणाकडे चार पुडकी, कुणाचे हात रिकामे. गोष्ट अर्धी सोडली आणि दोदोल (नाताळची मिठाई) वाटायला लावलं.

२८ डिसेंबर

पत्ते मोजले, ११७. सरंग्याची सत्ती, तिसरीचा प्रधान आणि मोरीचा राजा परतले नाहीत. राजा मुंबईला गेलाय असं कळलं, एका पोराच्या दप्तरातून. तीन नवे करायला घेतलेत. बांगडा नि पेडवाही पुन्हा काढायचेत. या खेपेला बांगड्याच्या पाठीवर पट्टे ठळक देईन आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव लिहीन. भेटींच्या खेळासाठी एक मोठा गोल न करता सहा-सहांची टोळकी करून बघावं का, असा विचार आहे. चाचणी शिमग्याला.