बायोसेफ्टी कमिटीच्या एका शिक्क्यापायी

यंदा आयजेम करायचं डोक्यात असेल तर आधी एकच करा, आपल्या कॉलेजची बायोसेफ्टी कमिटी म्हणजे आयबीएससी (जनुकं बदलायच्या कामावर लक्ष ठेवणारी) शेवटची कधी बसली होती ते विचारून या. टीमचं नाव, लोगो, टीशर्ट सगळं मागाहून. (आयजेम म्हणजे २००४ साली एमआयटीतून सुरू झालेली विद्यार्थ्यांची सिंथेटिक बायोलॉजीची, म्हणजे जनुकं बदलून जीवांकडून नवं काम करून घ्यायची स्पर्धा, आता फायनल पॅरिसला असते.)

आमचा प्रोजेक्ट तसा साधाच. गोव्यात डिचोलीकडे खाणींचं पाणी शेतात उतरतं, त्यात लोह जास्त असलं की रंग बदलणारा ई. कोलाय जीवाणू करायचा. तोसुद्धा के-१२ जातीचा, लॅबमध्ये वाढलेला, निरुपद्रवी. टीम, गाईड, पैसे सगळं जमलं.

मग अडकलो. डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये आमचं काम कॅटेगरी १ मध्ये बसत होतं. कॅटेगरी २ ला कमिटीची आधी परवानगी लागते, ३ ला फाईल वर दिल्लीच्या आरसीजीएम कमिटीकडे जाते, पण १ ला कमिटीला फक्त कळवायचं. फक्त कळवायचं! मी अर्ज घेऊन गेलो तर ऑफिसातले म्हणतात मीटिंग झाल्याशिवाय काहीच घेता येत नाही. म्हटलं परवानगी नको हो, अर्ज पोचला एवढा शिक्का द्या. तर "फाल्यां यो", उद्या या. फाल्यां गेलो तर साहेब पणजीला. मीटिंग का होत नाही तर डीबीटीने नेमलेले बाहेरचे सदस्य आल्याशिवाय ती धरायची नाही, ते मोकळे तेव्हा आमच्याकडे परीक्षा, परीक्षा संपली तर अॲडमिशन, आणि मग चवथ, म्हणजे गणपती, जवळ आली म्हटल्यावर गोव्यात कोणाला काय विचारणार. इकडे आयजेमचा सेफ्टी फॉर्म विचारतोय की तुमच्या संस्थेत जैवसुरक्षा कोण बघतं, आणि आमच्या गाईड मॅडमचं म्हणणं, कागदावर येत नाही तोवर पिपेटला हात लावायचा नाही. मॅडम बरोबरच होत्या, त्यामुळे राग कोणावर काढायचा तेही कळेना.

त्या रिकाम्या वेळात आम्ही जाणकारांना भेटलो, आणि खरं शिकलो ते तिथे. एक निवृत्त मायक्रोबायोलॉजीचे सर होते, त्यांना आम्ही ऐटीत सांगितलं की जीवाणू शेतात सोडला तरी त्यात किल स्विच (स्वतःलाच मारायची जनुकातली सोय) आहे, आपोआप मरेल. ते हसलेच. म्हणाले, कोट्यवधी पेशींत एखादीचा स्विच म्युटेशनने बिघडतोच, आणि मग तीच वाढते. तुम्ही पाणी लॅबमध्ये आणा, जीवाणू बाहेर नेऊ नका. आयजेमचाही नियम तोच, बदललेला जीव लॅबबाहेर सोडायचा नाही.

दुसरा प्रश्न पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका बाईंनी विचारला. पाणी खराब निघालं तर शेतकऱ्याला काय सांगणार? आणि नकाशावर त्याचं शेत दाखवलंत तर उद्या त्याचं भात कोण घेईल? २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या तेव्हापासून इथे खाणीचा विषय म्हणजे घराघरात दोन बाजू. मग आम्ही नकाशावरून शेतांची नावं काढून टाकली, फक्त तालुका ठेवला, आणि रिझल्ट आधी शेतकऱ्याला द्यायचं ठरवलं. हे कुठल्या फॉर्ममध्ये नव्हतं.

अरे हो, अशा लोकांना प्रोजेक्ट पक्का व्हायच्या आधी भेटा. नंतर भेटलात तर ते फक्त मान डोलावतात.

शेवटी मीटिंग झाली. चहा थंड व्हायच्या आत आमचा विषय संपला! कमिटीवरच्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं की कचरा कुठे जातो, आम्ही सांगितलं १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून मगच बाहेर, आणि नोंदवही कोण ठेवतो तेही सांगितलं. झालं. एवढ्यासाठी आमचा अर्धा पावसाळा गेला.

आणि मीटिंगच्या मिनिट्सची, म्हणजे इतिवृत्ताची, सही झालेली कॉपी पाठपुरावा करून हातात घ्या. आमची अजून "टायपिंगला" आहे.