तुम्ही विचारलंत म्हणून : देव तेव्हा कुठे होता?

हा प्रश्न मला पहिल्यांदा कबरस्तानाच्या फाटकाशी, ह्यांना पोचवून परतताना विचारला गेला. ह्यांची एक चुलत बहीण माझा हात धरून म्हणाली, ‘‘वहिनी, सहा वर्षं गुडघे टेकलेत तुम्ही. मग देव होता कुठे?’’ त्यानंतर शेजारणींनी विचारलं, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं. चर्चच्या मंडळीतल्या बायका जरा जपून विचारतात, ‘‘तुमचा विश्वास टिकला कसा?’’ आणि परवा डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर एका पोरीने विचारलं. तिचा नवरा चौतीस वर्षांचा. त्याचं डायलिसिस सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. तिला मी थर्मासमधला चहा दिला, उत्तर दिलं नाही. उभ्या उभ्या द्यायचं ते उत्तर नाही, म्हणून आता लिहिते आहे.

आधी हे सांगते की ‘का’ याचं उत्तर मला मिळालेलं नाही. डॉक्टरांकडे होतं ते मिळालं. ह्यांचं ब्लडप्रेशर कितीतरी वर्षं वाढलेलं होतं आणि कुणी मोजलंच नव्हतं. दाब वाढलेला राहिला की मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू निकामी होतात, आणि बरंच काही जाईपर्यंत माणसाला कळत नाही. हे शाळेत चित्रकला शिकवायचे. पाय सुजायला लागले तर दिवसभर उभं राहून सुजतात असं म्हणायचे, मीही तेच धरून चालले. हे झालं शरीराचं. पण याच माणसाला का, मुलगी बारावीत असतानाच का, या ‘का’ला कुणाकडेही उत्तर नव्हतं. आजही नाही.

डायलिसिस ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. ह्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली, म्हणून रक्त बाहेर काढून यंत्रातून साफ करून घ्यायचं. आठवड्यातून आधी दोनदा, मग तीनदा, दर वेळी चार तास. गोधडीच्या सुईसारख्या जाड दोन सुया हातात. लघवी जवळजवळ थांबलेली, म्हणून दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाणी. चहा, आमटी त्यातच धरायची. केळं नाही, शहाळं नाही. भाजी उकळून ते पाणी फेकायचं आणि मग फोडणी द्यायची. नाताळच्या करंज्या मी दोन वर्षं केल्याच नाहीत. यांच्यासमोर तळण काढायला हात धजेना.

आणि फिस्टुला. मनगटापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि तिला सुया सोसतात. तिथे बोटं ठेवली की थरथर लागते, मांडीवरचं मांजर घुरघुरावं तशी. रोज तपासायची असते. थांबली तर आत गुठळी झाली, तसंच उठून दवाखाना गाठायचा. हे झोपले की मी अंधारात त्यांच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवायची. कधी रात्रीतून चारदा.

दुसऱ्या वर्षी माझं मूत्रपिंड द्यायचं ठरलं. रक्तगट जुळत होता. पुण्याला तपासण्या झाल्या, शेवटची क्रॉसमॅच राहिली, म्हणजे ह्यांचं रक्त माझ्या पेशी सोसतं का ते बघायची तपासणी. त्या आठवड्यात सगळी मंडळी प्रार्थनेला बसली. ‘‘प्रभू, रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ दे,’’ अशी प्रार्थना मी केली, बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हटलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. फोनवर ऐकून मी रडले, मुलीला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की क्रॉसमॅच पॉझिटिव्ह म्हणजे ह्यांचं रक्त माझ्या पेशींवर हल्ला करणार. म्हणजे माझं मूत्रपिंड चालणार नाही. मुलीचं घ्यायला ह्यांनी साफ नकार दिला. मृत व्यक्तीच्या अवयवासाठी नाव प्रतीक्षायादीत गेलं आणि तिथेच राहिलं.

पुण्याहून नगरला परतताना गाडी दौंडच्या अलीकडे केडगावला थांबली. केडगाव म्हटलं की आम्हा ख्रिस्ती माणसांना पंडिता रमाबाई आठवतात. एरवी मी खिडकीतून बघून कुणाला तरी सांगितलं असतं, ‘‘हे बघ, इथे रमाबाईंचं मुक्ती मिशन.’’ त्या दिवशी मला त्यांची वेगळीच यादी आठवत होती. आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले, बहीण गेली. मग भाऊ गेला. लग्न झालं, दोन वर्षांच्या आत 1882 मध्ये नवरा पटकीने गेला, पदरात तान्ही मनोरमा. तीच मनोरमा पुढे आईचा उजवा हात झाली आणि 1921 मध्ये आईच्या आधी गेली. त्या माउलीने तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर सोडलं नाही. 1922 मध्ये स्वतः जाईपर्यंत ते काम करत राहिल्या. लहानपणापासून हे आम्ही विश्वासाचं उदाहरण म्हणून ऐकलं. त्या दिवशी डब्यात बसून मला फक्त एवढंच वाटलं, बाई, तुम्ही रात्री उशीत तोंड खुपसून त्याला काय म्हणत होतात? ते कुणी आम्हाला सांगितलं नाही.

त्यानंतर चार महिने मी प्रार्थना केली नाही. रविवारी उपासनेला जायची, गीताला उभी राहायची, तोंड उघडायची नाही.

त्याच काळात घरी येणारी माणसं वाढली. सगळी मायेने यायची, हे आज मला कळतं. एक म्हणायचे, देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याचीच परीक्षा घेतो. दुसऱ्या एक म्हणाल्या, काही कबूल करायचं राहिलंय का ते दोघं बसून बघा. कुणी म्हणालं, विश्वास मोहरीएवढा असला तरी डोंगर हलतो. म्हणजे आमचा मोहरीएवढाही नव्हता. ही माणसं देवाबद्दल इतकं बोलायची की ती गेल्यावर घरात देवाला बसायला जागा उरली नाही असं वाटायचं. वस्तीवरच्या एक आजी मात्र यायच्या, काही न बोलता माझ्यापुढची मेथीची जुडी ओढून निवडायला घ्यायच्या, संपली की जायच्या. त्यांची मी वाट बघायची.

पवित्र शास्त्रातला ईयोब, ज्या भल्या माणसावर एकामागून एक संकटं कोसळली, त्याचे मित्रसुद्धा आधी असेच आले होते. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. ते बोलायला लागले तेव्हा बिघडलं.

हे सगळं मला नीट दिसलं ते एका वारकरी बाबांमुळे. आमच्या शेजारच्या खाटेवर नेवाशाकडचे सत्तरीचे एक बाबा असायचे, गळ्यात तुळशीची माळ. सुई आत जाताना ते डोळे मिटून मोठ्याने म्हणायचे, ‘‘विठ्या, बघतोस काय नुसता! कमरेवरचे हात काढ की!’’ सिस्टर हसायच्या. मी दचकायची. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, देवापुढे बोलताना सांभाळून. एकदा मी विचारलंच, ‘‘बाबा, देवाला असं बोलतात?’’ ते म्हणाले, ‘‘ताई, आमची जनी तर त्याला ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हणून गेली. ज्याच्याशी बोलणं आहे त्याच्याशीच भांडण होतं. ज्याच्याशी भांडणसुद्धा नाही, तो मेला आपल्याला.’’

त्या रात्री घरी येऊन मी स्तोत्रसंहिता, म्हणजे पवित्र शास्त्रातलं स्तोत्रांचं पुस्तक, काढली आणि आमच्याकडचं भांडण शोधायला बसले. शोधावं लागलंच नाही, पानोपानी होतं. ‘हे परमेश्वरा, कोठवर? तू मला सर्वकाळ विसरशील काय?’ हे तेरावं. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी ते काढून टाकलं नाही. बाविसाव्यातलं ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे वाक्य प्रभूने स्वतः वधस्तंभावर उच्चारलं. दर उत्तम शुक्रवारी हे शब्द ऐकत मी लहानाची मोठी झाले होते. पण तो एक प्रश्न आहे आणि ‘का’ असाच प्रश्न आहे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यालाही तिथे उत्तर मिळालं नाही.

मग मी पुन्हा ईयोब वाचला, बेचाळीसच्या बेचाळीस अध्याय. मित्र देवाबद्दल पुष्कळ बोलतात, त्यातलं बरंच ऐकायला बरोबरही वाटतं. पण त्यांच्यातला एकजणही देवाशी बोलत नाही. ईयोब मात्र मध्येच मित्रांना सोडून देवाकडे वळतो आणि त्यालाच जाब विचारतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो, आणि ‘का’चं उत्तर देतच नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, म्हणून उलट विचारतो. पण तो येतो. आणि मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत. भांडणारा बरोबर ठरला, बाजू घेणारे चुकले.

मी हे उत्साहाने ह्यांना सांगितलं. हे उशीला टेकून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘तेविसावं म्हण.’’ ते तर संडे स्कूलपासून पाठ. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. इथे हे नेहमी क्षणभर थांबायचे. एक लिटरवर दिवस काढणाऱ्या माणसाला ‘पाणी’ हा शब्दसुद्धा ऐकून सोडता येत नाही. मी पुढे म्हणत गेले. मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस.

‘‘ऐकलंस का?’’ हे म्हणाले. ‘‘कुरणात ‘तो’ आहे. पाण्यापाशी ‘तो’ आहे. दरीत आल्यावर ‘तू’ झाला.’’

पन्नास वर्षं म्हटलेलं स्तोत्र, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. चित्र काढणाऱ्या माणसाला कुठे रेघ बदलली ते दिसतं.

त्या रात्रीपासून माझी प्रार्थना पुन्हा सुरू झाली. ती चांगली नव्हती. ‘तू कुठे आहेस?’ एवढीच. कधी ‘तू ऐकतोस का तरी?’ बाथरूममध्ये नळ सोडून मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. पण मला एक कळलं. ‘देव आहे का’ असं मी माणसांना विचारायची तेव्हा घर रिकामं वाटायचं. ‘तू आहेस का’ असं त्यालाच विचारायला लागले तेव्हा उत्तर यायचं नाही, पण घर रिकामं वाटायचं नाही. याचा पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही. अंधारात कुणी श्वास रोखून आपलं ऐकतंय हे जसं कळतं, तसं कळायचं. काही रात्री तेही कळायचं नाही, त्या रात्री मी बाबांचं वाक्य धरून राहायची.

चमत्कार का झाला नाही, हेही विचारता तुम्ही. मार्था आणि मरिया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी आहे असा निरोप पोचूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला. आला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था तोंडावर म्हणाली, ‘‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’’ मरियाही येऊन पायाशी पडली आणि तिनेही तेच वाक्य बोलून दाखवलं. दोघींपैकी कुणालाही तो रागावला नाही. त्याने लाजरला उठवलं हे सगळ्यांना पाठ असतं. पण उठवणार हे माहीत असूनही तो आधी रडला, त्या वचनापाशी मी जास्त रेंगाळते. आमच्याकडे उठवणं झालं नाही. रडणं झालं, आणि त्यात मी एकटी नव्हते, एवढं मी शपथेवर सांगेन.

हे गेले ते 2019 च्या ऑगस्टमध्ये, पहाटे, घरीच. हृदय थकलं होतं. मुलगी उशाशी होती. माझी बोटं सवयीने मनगटावर. थरथर मंद होत गेली, मग मधूनच लागायला लागली, मग मला वाटलं लागतेय, पण ती माझ्याच बोटांची होती. मी ‘तू’ एवढंच म्हणाले. कुणाला म्हणाले ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी थर्मास घेऊन त्या वॉर्डात जाते. रुग्णांना चहा मोजून असतो. माझा बाहेर बसलेल्यांसाठी. कुणाला कुठल्या देवाकडे न्यायला मी जात नाही, चार तास बाकड्यावर बसणं काय असतं ते मला माहीत आहे म्हणून जाते.

ती पोरगी या शुक्रवारी पुन्हा भेटली. म्हणाली, ‘‘काकू, तुम्ही त्या दिवशी काही बोलला नाहीत.’’ मी म्हटलं, ‘‘तू मला जे विचारलंस ना, ते तसंच्या तसं त्याला विचार. शब्द बदलू नकोस.’’ ती म्हणाली, ‘‘आमचा खंडोबा आहे, काकू. त्याला असं विचारलेलं चालेल?’’ मी तिला नेवाशाच्या बाबांची गोष्ट सांगितली. ती पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता रडली.

चार तास संपल्यावर सिस्टरने आम्हाला आत घेतलं. तिच्या नवऱ्याचा फिस्टुला नुकताच केलेला, सुया टोचण्याजोगा व्हायला अजून दीडदोन महिने लागतील; तोवर मानेतल्या नळीवरच चाललंय. तो रोज कसा तपासायचा ते तिला कुणी धड दाखवलं नव्हतं. मी तिची बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि म्हटलं, ‘‘दाबू नकोस. नुसती ठेव. थांब जरा.’’

ती थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘आहे.’’