आमची वाटचाल : ब्लोहोलपासून बॅटरीतल्या गॅसपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांची फाउंड्री होती. कास्टिंग बाहेरून लखलखीत दिसायचं. लेथवर पहिला कट बसला की आतलं ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या गॅसची पोकळी, उघडं पडायचं आणि अख्खा नग भंगारात जायचा. गॅस अडकला हे कळायचं, पण सगळी मेहनत झाल्यावर.

मी पुढे मशीनिंगकडे वळलो. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह ब्लॉक करता करता एक दिवस बॅटरीवर संशोधन करणारे एक गृहस्थ ड्रॉइंग घेऊन आले. बॅटरीचा सेल आत ठेवायचा स्टेनलेस स्टीलचा छोटा बंद होल्डर, वर प्रेशर सेन्सर. चार्जिंग चालू असतानाच आत किती गॅस होतोय ते त्यांना मोजायचं होतं. लिथियम-आयन सेलच्या पहिल्या चार्जिंगला ग्राफाइटवर इलेक्ट्रोलाइटमधलं इथिलीन कार्बोनेट फुटतं आणि इथिलीन सुटतो. ओलावा राहिला असेल तर हायड्रोजन, व्होल्टेज फार चढवलं तर कार्बन डायऑक्साइड. सेलचं पाऊच, म्हणजे मऊ पिशवीसारखं आवरण, फुगल्यावर हे कळणं म्हणजे आमचं ब्लोहोलच की! मी तिथंच काम घेतलं.

पहिला होल्डर रोज दुपारी गॅस दाखवायचा. ओ-रिंग, म्हणजे सील करणाऱ्या रबरी कड्या, बदलल्या, त्यांची खोबणी पुन्हा घासली. शेवटी आमचे जुने फिटरमामा म्हणाले, "मालक, ह्यो ग्यास न्हवं, ऊन हाय." सेल काढून नुसता आर्गॉन हा निष्क्रिय गॅस भरला, तरी आलेखावरची दाबाची रेषा दुपारी चढलीच. बंद जागेत तापमान एक अंशानं वाढलं की दाब साधारण 0.34 टक्के वाढतो. 1000 मिलिबारवर सहा अंशांत 20 मिलिबार! खरा गॅस त्यात कुठे ओळखायचा? मग स्थिर तापमानाची पेटी केली. सेन्सरही निरपेक्ष दाबाचा घेतला, कारण हवेच्या तुलनेत मोजणारा सेन्सर बाहेरचा दाब हलला की हलतो.

दाबावरून गॅस किती ते कळतं, कोणता ते नाही. त्यासाठी रेणूंच्या वस्तुमानावरून गॅस ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, आणि तिथं इथिलीन, कार्बन मोनॉक्साइड आणि हवेतला नायट्रोजन तिघेही 28 या वस्तुमानावरच दिसतात. इथिलीन त्याच्या रेणूच्या तुकड्यांमुळे 26-27 वर दिसणाऱ्या खुणांवरून वेगळा काढता येतो. पण सील गळकं असेल तर हवा आत शिरून सगळा हिशोब बिघडवते. म्हणून सीलच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, घाईतल्या गिऱ्हाइकाचंही नाही.

आज प्रत्येक होल्डर आर्गॉन भरून, सेल न घालता, दोन दिवस पेटीत राहतो. आलेख आधी मामा बघतात. रेषा सपाट असली तरच ते पॅकिंगला हात लावू देतात.