चिरेच्या आतला लॅकर

“काका, बहिणीने पाडली.” गिटार माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवायच्या आधीच मुलाने सांगून टाकलं. सोबत आई. बहीण म्हणत होती, भिंतीला टेकवलेली गिटारची केस, म्हणजे पेटी, घसरून आडवी झाली, एवढंच. पण केसवर ओरखडाही नाही, म्हणून घरात कुणाचा तिच्यावर विश्वास नव्हता.

माझा बसला. गिटार बंद केसमध्येही मोडते. तारांचा ताण 70 किलोच्या आसपास, वरच्या टोकाला, म्हणजे हेडस्टॉकवर, तारा आवळायच्या सहा चाव्यांचं वजन. केस धाडकन पडली की आतल्या आत झटका बसतो. त्यात अख्खा नेक, म्हणजे गिटारची मान, एकाच लाकडातून कोरलेला, त्यामुळे मागे कललेल्या हेडस्टॉकपाशी लाकडाचे रेषे तिरपे तुटतात. या गिटारला ट्रस रॉडचा, म्हणजे नेक वाकू नये म्हणून आत घातलेल्या धातूच्या सळईचा, खड्डाही तिथेच होता. सर्वांत नाजूक जागी आणखी लाकूड काढायचं, हे कारखानेवाल्यांचं शहाणपण मला कधीच पटलेलं नाही.

तारा उतरवल्या आणि हेडस्टॉक अलगद दाबून चीर उघडली. आत दिवा धरला. एका बाजूचं लाकूड ताजं, फिकट. उरलेलं बोटभर काळपट, मळलेलं, आणि त्यावर लॅकर, म्हणजे वरून मारायचं पॉलिश, चकाकत होता. आजच्या चिरेत लॅकर कुठून येणार? कुणीतरी जुनी चीर बघून वरून भरली होती, घासून गुळगुळीत केली होती.

“सेकंडहँड घेतलीस का?” मुलगा गप्प झाला.

ताज्या भागाला मी सँडपेपर लावत नाही. तुटलेले तंतू जसेच्या तसे एकमेकांत बसायला हवेत. जुन्या भागातला लॅकर पातळ पात्याने खरवडला, कारण त्यावर गोंद धरत नाही. गोंद चिकटू नये म्हणून ट्रस रॉडला मेण लावलं. मग चीर उघडमीट करत गोंद आत खेळवला, दोन्ही कडांनी बाहेर येईपर्यंत. नेकच्या गोलाईचा ठोकळा लावून क्लॅम्प आवळले, 24 तास. तरी जुन्या भागाचा भरवसा वाटेना, म्हणून मागून खाचा पाडून महोगनीच्या दोन पट्ट्या बसवल्या. त्या दिसतात. दिसू देत.

गिटार न्यायला आई एकटीच आली. मी तिला सगळं सांगितलं. “म्हणजे विकणाऱ्याने फसवलं?” तिने विचारलं. कुणाला तरी ठाऊक होतं, हे नक्की. पण त्याच्या आधीचा मालकही असू शकतो, आणि ते लाकडावरून कळत नाही. मुलीचा दोष नव्हता, एवढं मात्र मी घरी सर्वांसमोर सांगायला लावलं.