दोन गाण्यांच्या मधली जागा

गाण्याला गोष्ट सांगायची मुळात फारशी हौस नसते. ते एका जागी ठाण मांडून बसतं. रुसवा असेल तर ध्रुवपद फिरून फिरून त्याच रुसव्यापाशी येतं. गोष्टीला मात्र पुढे जायची घाई. त्यामुळे गाण्यांतून आख्खी कथा सांगायला निघालेल्यांचं मला कौतुक वाटतं, आणि जराशी कीवही येते.

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टनं १८२७ मध्ये 'विंटरराइझ' ही २४ गाण्यांची मालिका रचली. प्रेमात हरलेला एक माणूस ऐन हिवाळ्यात घराबाहेर पडतो आणि चालत सुटतो. त्याचं नाव कळत नाही, पुढे त्याचं काय झालं तेही नाही. कळतो तो बर्फ, भुंकणारी कुत्री आणि शेवटी गारठलेल्या बोटांनी वाद्याचा दांडा फिरवणारा एक म्हातारा. कथानक पोस्टकार्डावर मावेल. पण एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत तो किती चालला, काय काय आठवत चालला, हे आपणच भरत जातो. गीतकारानं गाळलेलं असं ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतं.

१९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली. एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली, तबकडी उलटायची वेळ म्हणजे मध्यंतर. मग कथा सांगणाऱ्यांचं फावलं. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचं 'टॉमी' (१९६९) मला संगीत म्हणून आवडतं. पण नुसतं ऐकून त्याचं कथानक सलग सांगून दाखवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. त्यापेक्षा अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनचं 'रेड हेडेड स्ट्रेंजर' (१९७५) उजवं. बायकोला आणि तिच्या प्रियकराला ठार करून घोड्यावरून भटकणारा धर्मोपदेशक, मोजकी वाद्यं, आणि मधूनमधून परतणारी एकच चाल. ती चालच सूत्रधाराचं काम करते, निवेदक लागतच नाही.

'गीतरामायणा'ला तर एलपीचीही गरज पडली नाही. १९५५ च्या एप्रिलपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक नवं गाणं, अशी ५६ गाणी. कौसल्या, भरत, शूर्पणखा, ज्याचं दुःख त्याच्याच तोंडी. कथा सगळ्यांना पाठ, त्यामुळे गदिमांना प्रसंगावरून प्रसंगावर खुशाल उडी मारता आली. गंमत शेवटच्या गाण्यात आहे. तिथे वाल्मीकी मुलांना रामायण कसं गायचं ते सांगतात, आणि पहिल्या गाण्यात ती मुलं रामापुढे गात असतात. म्हणजे शेवट आरंभाच्या आधीचा! पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'द वॉल' अल्बममध्येही (१९७९) असंच काहीसं आहे. अखेरीस अर्धवट तुटलेलं वाक्य पूर्ण होतं ते अगदी सुरुवातीला. तबकडी पुन्हा लावली तरच कळावं, अशी खोडी.

आता तबकडी लावतो कोण? २०२१ मध्ये ब्रिटिश गायिका अडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपनं अल्बमच्या मुख्य बटणावरून शफल, म्हणजे गाणी वाटेल त्या क्रमानं वाजवायची सोय, काढली, गाणी तिनं लावलेल्या क्रमानं ऐकली जावीत म्हणून. मात्र शफल हवंच असेल त्याला ते अजूनही मिळतं. मग नेल्सनचा धर्मोपदेशक आधी फरार होतो, नंतर खून करतो, आणि मध्ये एखादी टूथपेस्टची जाहिरातही ऐकून घेतो.